अबिकूला आधी अबिकू म्हणूनच वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नायजेरियन लेखक बेन ओक्रीची 'द फॅमिश्ड रोड' ही कादंबरी वाचायला घेतली, शंभरेक पानांनंतर आत्मे, स्वप्नं आणि तीन डोक्यांची भुतं यांचा गुंता वाढत गेला, मध्येच निवडणूक आणि पक्षाचे गुंड आले. आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की हा लॅटिन अमेरिकेतल्या मार्केझचाच जादुई वास्तववाद, म्हणजे अद्भुत गोष्टी रोजच्या वास्तवासारख्या सांगायची रीत, आहे का, या भुतांमागे राजकारण दडवलंय का, आणि दडवलं असेल तर ते उलगडायचं कसं.

पश्चिम आफ्रिकेचं साहित्य शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि हा प्रश्न मला नेहमी भेटतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. राजकारण भुतांमागे दडवलेलं नाही. नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या कल्पनेतल्या आत्म्यांच्या जगाला स्वतःचे कायदे आहेत. दिलेला शब्द, घेतलेलं कर्ज, भूक, परत येणं या सगळ्यांचे तिथे नियम ठरलेले आहेत. चांगला लेखक ते नियम सत्तेला लावून बघतो. 'अबिकू म्हणजे नायजेरिया' असं समीकरण पहिल्या पानावरच मांडून बसलात तर कादंबरी हाती लागणार नाही. अबिकू आधी अबिकू म्हणूनच वाचायचा.

तर अबिकू म्हणजे मरण्यासाठीच जन्माला येणारं मूल. समजूत अशी की या मुलाचे सवंगडी आत्म्यांच्या जगात असतात. जन्माला येण्याआधी त्यानं त्यांना शब्द दिलेला असतो की थोडे दिवस राहीन आणि परत येईन. मग तेच मूल त्याच आईच्या पोटी येतं, तिला लळा लावतं आणि जातं. पुन्हा येतं, पुन्हा जातं. घरचे लोक हातावर हात ठेवून बसत नाहीत. इफाचा कौल लावणाऱ्या बाबालावोला बोलावतात, मुलाच्या पायात कडी आणि घुंगरं घालतात, मेलेल्या मुलाच्या अंगावर व्रण करतात म्हणजे पुढच्या खेपेला ओळख पटावी. आणि नाव असं ठेवतात की हाक मारली की विनवणी व्हावी. मालोमो, म्हणजे आता जाऊ नकोस. दुरोजाये, म्हणजे थांब आणि जगणं उपभोग. कोसोको, म्हणजे घरात कुदळच नाही, खड्डा कशानं खणायचा? एकोणिसाव्या शतकात लागोसच्या गादीवर कोसोको नावाचा राजाच होता. १८५१ मध्ये इंग्रजी आरमारानं शहरावर तोफा डागून त्याला हुसकावलं.

आपल्याकडेही मुलं जगत नसलेल्या घरात धोंडू, दगडू, केरबा, उकिरडा अशी नावं ठेवत, त्यामुळे ही रीत मराठी वाचकाला परकी वाटत नाही. पण एक फरक महत्त्वाचा आहे. आपली नावं मृत्यूची दिशाभूल करायला असतात, की हे मूल टाकाऊ आहे, हे नेऊ नकोस. योरुबा आईबाप बहुतेक वेळा थेट मुलाशीच बोलतात. कारण जायचं की राहायचं हा निर्णय त्या मुलाचा आहे. ते दैवाचा बळी नाही, एका कराराचा पक्षकार आहे. त्याला थांबवायचं तर थांबण्याजोगं घर त्याला दिसलं पाहिजे. हा मुद्दा मनात घट्ट धरून ठेवा, पुढचं सगळं राजकारण इथून निघतं.

वोले सोयिंका आणि जे. पी. क्लार्क या दोघा नायजेरियन लेखकांनीही 'अबिकू' याच नावाच्या कविता लिहिल्या आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचल्या तर हा करार दोन्ही बाजूंनी दिसतो. क्लार्कच्या कवितेत घरातलं माणूस बोलतं. छप्पर गळतं, हरमाटन या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत घर सोसत नाही, हे कबूल. तरी आता उंबऱ्यात ये आणि कायमचा राहा, तुझ्या आईचं अंग थकलंय, दूध नासायला लागलंय. सोयिंकाच्या कवितेत अबिकू स्वतः बोलतो आणि त्याच्या आवाजात जरब आहे. तुमची कडी, तुमचे गंडे, तुमचे बकरे, सगळं वाया आहे, मी परत येणारच. आईबापांच्या दुःखाशी त्याला काही देणंघेणं नाही. एकच समजूत, पण एका कवितेत गरिबी गयावया करते आणि दुसरीत एक सत्ता आपली हुकमत मिरवते.

ओक्रीनं तिसरी वाट धरली. त्याचा अझारो हा राहायचं ठरवणारा अबिकू आहे. सवंगड्यांचा करार मोडून तो राहतो आणि त्याचं एक कारण असं की जी बाई त्याची आई होणार आहे तिच्या मार खाल्लेल्या चेहऱ्यावर त्याला आनंद बघायचाय. पाचशे पानांची कादंबरी या एका निर्णयावर उभी आहे. बाप ओझी वाहणारा हमाल, आई रस्त्यावर फिरून किरकोळ वस्तू विकणारी, वाड्यात एक खोली, उंदीर, भाडं वाढवायची धमकी देणारा घरमालक. आत्म्यांच्या जगात भूक नाही, भाडं नाही, सगळं सुंदर आहे. सवंगडी अझारोला न्यायला पुन्हा पुन्हा दूत पाठवतात. प्रत्येक खेपेला वाचकापुढे तोच प्रश्न येतो: या खोलीत राहण्याजोगं काय आहे?

आता दुधाचा प्रसंग बघा. निवडणुकीचे दिवस आहेत. श्रीमंतांच्या पक्षाची गाडी वस्तीत येते आणि भोंग्यावरून घोषणा देत दुधाची भुकटी फुकट वाटली जाते. लोक तुटून पडतात, भांडी पुढे होतात, चेंगराचेंगरी होते. रात्री वस्तीभर उलट्या सुरू होतात. दूध नासकं होतं. वस्तीतला छायाचित्रकार हे सगळं टिपतो, ते फोटो वर्तमानपत्रात छापून येतात आणि आपण पेपरात आलो याचं लोकांना अप्रूप वाटतं. त्यानंतर छायाचित्रकाराच्या मागे गुंड लागतात, त्याची फोटो लावायची काचेची पेटी फोडली जाते, तो रात्रीबेरात्री लपतछपत येऊन अझारोच्या खोलीत निजतो.

या प्रसंगात भूत जवळजवळ नाहीच. वार्ताहरानं लिहावं तसा तो लिहिलाय. तरीही तो वाचताना अंगावर काटा येतो, कारण तोपर्यंत कादंबरीनं आपल्याला एक नियम शिकवलेला असतो. आत्मे अझारोला न्यायला येतात तेव्हा पहिलं आमिष खाण्यापिण्याचं असतं. अनोळखी हातानं दिलेलं खाल्लं की त्या हाताचा तुमच्यावर हक्क बसतो. हा नियम पोटात उतरल्यावर पक्षाचं दूध पुढे येतं तेव्हा लेखकाला काही समजावून सांगावं लागत नाही. हे मत विकत घेणं तर आहेच, पण त्याच्याही आधी ही एका भुकेल्या सत्तेनं तुमच्यावर टाकलेली पकड आहे.

याला जोडून बापानं मुलाला सांगितलेली रस्त्याच्या राजाची गोष्ट वाचा. हा राजा राक्षसी पोटाचा. वाटसरूंनी त्याला काही ना काही अर्पण केल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नसे. दुष्काळ पडला, अर्पणं थांबली, तसा तो माणसं खायला लागला. समजूत घालायला गेलेल्या लोकांनाही त्यानं खाल्लं. शेवटी लोकांनी जगातली सगळी विषं जमवून त्याच्या जेवणात घातली. तो मेला नाही, त्याची भूक भडकली. हाताशी येईल ते खाऊन झाल्यावर त्यानं स्वतःलाच खायला सुरुवात केली आणि शेवटी नुसतं पोट उरलं. पावसात ते पोट विरघळून जमिनीत मुरलं आणि सगळ्या रस्त्यांचा भाग झालं. या गोष्टीत प्रजा राजाला विष घालते आणि दुधाच्या प्रसंगात राज्य करू बघणारे प्रजेला विष घालतात. ओक्री हे दोन प्रसंग कुठेही जोडून दाखवत नाही. जोडायचं काम तुमचं आहे, आणि मला ही या कादंबरीतली सर्वांत मोठी राजकीय करामत वाटते.

भुकेला रस्ता ओक्रीच्या आधीपासून योरुबा साहित्यात आहे. सोयिंकाच्या एका कवितेत आई लेकराला आशीर्वाद देते की रस्ता भुकेला असताना तुझ्यावर चालायची वेळ न येवो. रस्ता, लोखंड, मोटारी हे सगळं ओगुन या देवाच्या अखत्यारीतलं. ट्रकचालक त्याला कुत्र्याचा बळी देतात. सोयिंकानं १९६५ मध्ये या विषयावर 'द रोड' हे नाटक लिहिलं आणि १९८८ मध्ये नायजेरियात केंद्रीय रस्ता सुरक्षा दल उभं राहिलं तेव्हा त्याची सूत्रंही हाती घेतली. तोपर्यंत त्याला नोबेल मिळून दोन वर्षं झाली होती. अपघातात मरणारी माणसं आणि ओगुनची भूक या त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

मार्केझचं काय, हा तुमचा पहिला प्रश्न. सनावळ्या समोर ठेवल्या की त्याचा बराचसा निकाल लागतो. डी. ओ. फागुन्वा या शाळामास्तरानं शिकाऱ्याच्या अरण्यप्रवासाची योरुबातली कादंबरी १९३८ मध्ये छापली. आमोस टुटुओलाची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' १९५२ ची. मार्केझची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' १९६७ मध्ये आली. खुद्द लॅटिन अमेरिकेत अद्भुत वास्तवाची कल्पना आलेहो कार्पेंतिएरनं १९४९ च्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत मांडली. ती कादंबरी हैतीतल्या गुलामांच्या उठावावर आहे आणि त्या उठावात हाक मारली जाते ती ओगुनला, ओगुन बादाग्री या नावानं. बादाग्री हे लागोसजवळचं गुलामांच्या व्यापाराचं बंदर. ज्या किनाऱ्यावरून माणसं जहाजात कोंबली गेली त्याचं नाव आपल्या देवाला जोडून ती माणसं समुद्रापार गेली, आणि दीडशे वर्षांनी एका क्यूबन लेखकाला त्यात साहित्याचा नवा मार्ग दिसला. ओक्रीच्या पिढीनं मार्केझ वाचला असणारच. पण उधारीचा हिशोब मांडायचाच तर तो दोन्ही बाजूंनी मांडावा लागेल.

टुटुओलावर थोडं थांबतो, कारण त्याला लोक गमतीदार परीकथाकार समजून पुढे सरकतात. आबेओकुटाचा हा माणूस, शिक्षण जेमतेम, युद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी तांबटकाम केलं, नंतर लागोसच्या कामगार खात्यात निरोप्या. त्याच्या मोडक्या इंग्रजीची शिकलेल्या नायजेरियनांना लाज वाटली, लंडनमध्ये कौतुक झालं, आणि या दोन्ही गडबडींत त्यानं काय लिहिलंय हे बाजूला राहिलं. त्याचा नायक एका भयंकर जागी जाण्याआधी आपला मृत्यू विकून टाकतो. किंमत ७० पौंड, १८ शिलिंग, ६ पेन्स. भीती तो विकत नाही, व्याजानं देतो, महिना साडेतीन पौंड. दुसरीकडे बाजारात एक देखणा गृहस्थ फिरतो, त्याच्या मागे एक मुलगी जाते आणि वाटेत तो एकेक अवयव ज्याचा त्याला परत देत, भाडं चुकतं करत जातो. पाय परत, हात परत, शेवटी उरते नुसती कवटी. वसाहतीच्या काळात रोख पैसा गावागावात शिरला आणि माणसाचं अंगसुद्धा भाड्यानं मिळू लागलं, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या गंभीरपणे दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. १९५४ च्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकात सात वर्षांचा मुलगा भुतांच्या रानात का शिरतो? तर गुलाम पकडणाऱ्यांची टोळी गावात घुसलेली असते म्हणून. चोवीस वर्षांनी तो रानातून सुटतो आणि पुन्हा गुलाम म्हणून पकडला जातो, विकत घेणारा निघतो त्याचाच भाऊ. भुतांनी त्याचे हाल केले खरे, पण रानाच्या दोन्ही टोकांना माणसांचाच बाजार आहे.

ओक्रीच्या कादंबरीत मॅडम कोटोच्या गुत्त्यात येणारी विचित्र गिऱ्हाइकं, माणसांचे अवयव उसने घेऊन आलेली, याच घराण्यातली आहेत. मॅडम कोटोकडे नीट लक्ष द्या. सुरुवातीला ती रानाच्या कडेला ताडी आणि तिखटजाळ रस्सा विकणारी कष्टाळू बाई असते. मग तिचा गुत्ता श्रीमंतांच्या पक्षाचा अड्डा होतो, तिच्याकडे वस्तीत सर्वांआधी वीज येते, मोटार येते. रान तुटत जातं, तारा पुढे सरकतात.

विजेवरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शांगो हा योरुबांचा मेघगर्जनेचा देव. लागोसमध्ये एकेकाळच्या राष्ट्रीय वीज मंडळाच्या मुख्यालयासमोर त्याचाच पुतळा उभा केला गेला, शिल्पकार बेन एन्वोन्वू यानं १९६४ मध्ये घडवलेला. हॅरी गरुबा या अभ्यासकानं २००३ च्या आपल्या गाजलेल्या निबंधाची सुरुवात या पुतळ्यापासून केली. त्याचं म्हणणं असं की आधुनिक यंत्रं आली म्हणून इथले आत्मे पळून जात नाहीत, ते यंत्रांत शिरून बसतात, आणि सरकारलाही याचा उपयोग कळतो. मला हे पटतं. देव हे गरिबांच्याच बाजूचे असतात असं धरून चालू नका. नव्या राष्ट्रानं देव आपल्या दाराशी उभे केले, आणि म्हणूनच लेखकांना ते परत मागून घ्यावे लागले.

शांगोची कथाच बघा. परंपरा सांगते की तो ओयो या योरुबा राज्याचा राजा होता, जुलमी होता, लोक उलटले आणि त्यानं गळफास लावून घेतला. त्याच्या लोकांनी मात्र ठणकावून सांगितलं की राजानं फास घेतलाच नाही, तो देव झाला. 'ओबा कोसो' हे त्या घोषवाक्याचंच नाव घेतलेलं दुरो लादिपोचं संगीत नाटक साठच्या दशकात गाजलं. जुलमी राजाचा देव कसा होतो याची ही कथा खुद्द पुराणातच आहे, लेखकाला बाहेरून काही आणावं लागत नाही. त्याच्या उलट बाजूची म्हणही योरुबात आहे: माणसं नसतील तर ओरिशाही, म्हणजे देवही, नसतील. कॅरिन बार्बर यांनी १९८१ च्या एका लेखात हे नीट उलगडून दाखवलं. भक्त पाठीशी असतील तोवर देव मोठा, भक्तांनी पाठ फिरवली की तो विसरला जातो. त्या समाजातला बडा माणूसही असाच अनुयायांच्या जिवावर मोठा होतो. याचा अर्थ सत्ता ही वरून येत नाही, खालचे लोक ती देतात आणि काढूनही घेऊ शकतात. हुकूमशाहीत जगणाऱ्या लेखकाला याहून धारदार विचार कुठे मिळणार?

सोयिंकानं तो स्वातंत्र्याच्या पहिल्याच महिन्यात वापरला. १ ऑक्टोबर १९६० ला नायजेरिया स्वतंत्र झाला आणि त्या सोहळ्याच्या निमित्तानं त्यानं 'अ डान्स ऑफ द फॉरेस्ट्स' रंगमंचावर आणलं. नाटकात माणसांचा मोठा मेळावा भरलाय आणि त्यांना पूर्वजांकडून थोर पाहुणे हवेत, राजे, वीर, साम्राज्यं उभारणारे. अरण्याच्या स्वामीच्या संमतीनं आरोनी हा आत्मा त्यांच्याकडे पाठवतो दोन अशांत मेलेले, एक पुरुष आणि त्याची गर्भार बायको. कपडे मातीनं बरबटलेले. जमिनीतून वर येऊन ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, माझी तक्रार ऐकाल का? कुणी ऐकत नाही. गावकरी त्यांना हाकलायला धूर ओकणारा एक जुनाट ट्रक मागवतात. मग भूतकाळ उघडतो. माता खारिबू या राजाच्या दरबारात हा पुरुष सैनिक होता, अन्यायाच्या लढाईला त्यानं नकार दिला, म्हणून त्याला खच्ची करून गुलाम म्हणून विकलं. आणि तो विकला जाताना दरबारात बसलेले लोक म्हणजे आजच्याच मेळाव्यातली माणसं.

उत्सवासाठी लिहिलेल्या नाटकात एवढं बोलायला छाती लागते. आफ्रिकेचा भूतकाळ सोन्याचा होता, गोऱ्यांनी तो बिघडवला, हे तेव्हा सगळ्यांना ऐकायचं होतं. सोयिंका म्हणाला की गुलाम विकणारेही आपलेच होते आणि ते अजून गेलेले नाहीत. त्या मेलेल्या बाईच्या पोटातलं अर्धवट मूल नाटकाच्या शेवटी बाहेर येतं आणि त्याला कुणाच्या हाती द्यायचं यावरून ओढाताण होते. इथे पुन्हा अबिकूच आहे, पुन्हा राहायचं की जायचं. सहा वर्षांत दोन लष्करी बंडं झाली, १९६७ ला देशातून फुटून निघालेल्या बियाफ्राचं युद्ध पेटलं आणि ते थांबवायचे प्रयत्न केल्याबद्दल सोयिंकाला १९६७ ते १९६९ ही वर्षं तुरुंगात, बहुतांश एकांतकोठडीत काढावी लागली.

'द फॅमिश्ड रोड'च्या शेवटाकडे अझारोचा बाप लांबलचक झोपेत स्वप्न बघतो. त्यात त्याला उमगतं की राष्ट्रंही मुलंच असतात आणि आपलं राष्ट्र अबिकू आहे. ते पुन्हा पुन्हा जन्मतं आणि प्रत्येक जन्मानंतर रक्तपात आणि दगाबाजी होते. आपण योग्य ते अर्पण करत नाही, हे ओझं पेलायची आपली तयारी आहे हे दाखवत नाही, तोवर ते थांबणार नाही. समीकरण इथे उघड मांडलंय खरं, पण साडेचारशे पानांनंतर. तोपर्यंत अबिकूला घरात थांबवण्यासाठी काय काय लागतं हे आपण एका खोलीत बघितलेलं असतं. आईनं विकलेल्या मेणबत्त्या, बापाच्या मानेवरच्या गोण्या, राहायचं ठरवलेल्या पोराचा हट्ट. म्हणून राष्ट्राबद्दलचं ते वाक्य घोषणा वाटत नाही. देशाच्या नशिबी अपयश लिहिलंय, असं ओक्री म्हणत नाही. अबिकू राहू शकतो. त्याला राहावंसं वाटेल असं घर करावं लागतं, एवढंच.

काही ठिकाणी माझं ओक्रीशी जमत नाही तेही सांगतो. याच कथेचे पुढचे दोन भाग, १९९३ आणि १९९८ चे, मला पातळ वाटतात. स्वप्नांवर स्वप्नं येतात आणि दुधाच्या प्रसंगासारखा कठीण खडक पायाखाली लागत नाही. मॅडम कोटोबद्दलही माझी तक्रार आहे. पैसा आणि सत्ता कमावणारी बाई चेटकीण होते, पोट फुगलेली राक्षसीण होते, पण तिच्या पक्षातले पुरुष नुसते गुंड राहतात. लोककथेतून प्रतिमा उचलताना त्या कथेतला बायकांबद्दलचा संशयही सोबत आला आणि ओक्रीनं तो तपासला नाही.

देवांकडे बघायची कठोर नजर हवी असेल तर फेमी ओशोफिसान वाचा. हा डाव्या विचारांचा योरुबा नाटककार. त्याच्या 'मोरुंटोडुन' या नाटकात इफे या योरुबा नगरीची पुराणप्रसिद्ध वीरांगना मोरेमी आणि १९६८ मधला आग्बेकोया शेतकऱ्यांचा करविरोधी उठाव समोरासमोर येतात. एका श्रीमंत घरातली तरुणी मोरेमीसारखी शत्रूच्या गोटात शिरून हेरगिरी करायला निघते. शत्रू म्हणजे शेतकरी. त्यांच्यात राहिल्यावर तिला प्रश्न पडतो की मोरेमीनं कुणाचं राज्य वाचवलं होतं? राजाचं. आणि ती बाजू बदलते. पुराणकथा कुणाच्या कामी येते हा प्रश्न त्यानं इतक्या सरळ विचारला की त्यानंतर सोयिंका वाचतानाही तो मनातून जात नाही.

तुम्ही वाचलेल्या बहुतेक परीक्षणांत ओक्रीला योरुबा परंपरेचा लेखक म्हटलेलं असेल. तो जन्मानं योरुबा नाही. वडील उरहोबो, आईकडून इग्बो वारसा, बालपण लंडन आणि लागोस इथे गेलं. क्लार्कही योरुबा नव्हता. जन्मून जाणाऱ्या मुलाची समजूत त्या सगळ्या पट्ट्यात आहे, इग्बो त्याला ओगबांजे म्हणतात आणि चिनुआ अचेबेच्या पहिल्याच कादंबरीतली एझिन्मा ही तशीच मुलगी आहे. ओक्रीनं शब्द योरुबा घेतला आणि शहराला नाव दिलं नाही. तीन मोठ्या समाजांच्या भांडणात युद्ध झालेल्या देशात सर्वांच्या ओळखीची समजूत निवडणं ही मला जाणूनबुजून केलेली राजकीय निवड वाटते.

एक पुस्तक मात्र आवर्जून सुचवतो, अयोबामी अदेबायोची २०१७ ची 'स्टे विथ मी'. इलेशा शहर, ऐंशीच्या दशकातली लष्करी राजवट, एक जोडपं आणि एकामागून एक दगावणारी मुलं. सासू अबिकूचे उपाय करते, मेलेल्या मुलाच्या अंगावर व्रण करवते. डॉक्टर सांगतात की हा सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडच्या वाचकाला हा आजार चांगला माहीत आहे. अदेबायो विज्ञानाला जिंकवून समजुतीला वेड्यात काढत नाही. रेडिओवर सत्तांतराच्या बातम्या येत राहतात आणि घरात आई पुढचं मूल राहील का या धास्तीत दिवस काढते. इथे एकही भूत प्रत्यक्ष येत नाही, तरी अबिकूचा करार पानापानावर आहे.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी अदेबायो घ्या, मग टुटुओलाचं पहिलं पुस्तक, ते दीडशे पानांच्या आत आटपतं. त्यानंतर सोयिंकाचं नाटक, शक्य असेल तर दोघातिघांनी मोठ्यानं वाचत, कारण पहिल्या अंकात कोण माणूस आणि कोण आत्मा हे ऐकल्यावर लवकर कळतं. मग ओक्रीकडे परत या. पुस्तक आठ भागांत आहे, एका बैठकीत एकाहून जास्त भाग वाचू नका. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे जिथे कुणीतरी कुणाला खायला किंवा प्यायला देतं तिथे खूण करा. देणारा कोण आहे आणि त्या बदल्यात काय मागितलं जातं हे समासात लिहीत जा. दुसऱ्या भागाच्या शेवटापर्यंत तुम्हाला मला पुन्हा विचारायची गरज पडणार नाही, आणि पडलीच तर त्या खुणांसकट विचारा.